चार लाखांचा रॉकेट-बाजार अहवाल: भोसरी-चाकणच्या कारखानदाराने घ्यावा का?

बाणेर, खराडी, मगरपट्टा या भागांत बाजार-संशोधनाचे अहवाल विकणाऱ्या कंपन्यांची दाट वस्ती आहे. औषधांपासून डायपरपर्यंत कशाचाही जागतिक बाजार त्यांच्याकडे मोजून मिळतो. यादीत ‘जागतिक रॉकेट व क्षेपणास्त्र उद्योग : वाढ आणि तंत्रज्ञानाचे कल’ अशा धाटणीचा एक अहवाल हमखास असतो. दोनेकशे पानांची पीडीएफ, सोबत आकड्यांची एक्सेल आणि एका वापरकर्त्याच्या परवान्याला साधारण चार ते पाच हजार डॉलर, म्हणजे चार लाख रुपयांच्या आसपास. या परीक्षणात कुणा एका कंपनीचं नाव घेतलेलं नाही, कारण साचा सगळ्यांचा एकच. मुखपृष्ठ झाकलं तर कुठला अहवाल कुणाचा हे सांगता येणार नाही.

संरक्षण क्षेत्रात शिरू पाहणारे भोसरी, चाकण, शिरवळचे लघुउद्योजक हे अहवाल घेण्याच्या विचारात असतात, म्हणून निकाल आधीच सांगून टाकू. बँकेला प्रकल्प अहवाल द्यायचा असेल, गुंतवणूकदारासमोर बसायचं असेल किंवा कंपनीत स्वतंत्र निर्यात विभाग असेल, तर पैसे अगदीच वाया जात नाहीत. पंधरा-वीस सीएनसी मशीन आहेत आणि ‘आपण नेमकं काय बनवायचं’ एवढाच प्रश्न आहे, अशा कारखान्याला मात्र यातून उत्तर मिळत नाही. अहवाल डॉलर मोजतो, कारखाना नग विकतो. या धंद्यात त्या दोहोंत फार मोठं अंतर आहे आणि अहवालात नेमकं तेच पान नसतं.

आत काय मिळतं

नमनाला घडाभर तेल. पहिली तीस-चाळीस पानं व्याख्या, गृहीतकं, पद्धत आणि पोर्टरची पाच बलं (धंद्यातली स्पर्धा जोखायची व्यवस्थापनशास्त्रातली चौकट) यांत जातात. मग बाजाराचे तुकडे: वेगानुसार सबसोनिक, सुपरसोनिक, हायपरसोनिक, इंजिनानुसार घन, द्रव, हायब्रिड, रॅमजेट, स्क्रॅमजेट (ही दोन बाहेरची हवा आत घेऊन इंधन जाळतात), मारा कुठून कुठे त्यानुसार, शेवटी खंडांनुसार. प्रत्येक तुकड्याला तोच तक्ता, तोच रंगीत आलेख. त्यानंतर पंधरा-वीस कंपन्यांची ओळख: लॉकहीड मार्टिन, आरटीएक्स, एमबीडीए, नॉर्थरॉप ग्रुमन, इस्रायलची राफाएल, रोकेटसान, भारत डायनॅमिक्स वगैरे. ही पानं त्या-त्या कंपनीच्या वार्षिक अहवालातून उचललेली असतात, ती सोडून दिली तरी चालतात. कामाचा असतो तो करारांचा तक्ता. गेल्या तीन-चार वर्षांत कुणी कुणाला कशाची ऑर्डर दिली हे एका जागी मिळतं आणि ते गोळा करायचे कष्ट खरंच वाचतात.

विक्रीपत्रकावर ठळक छापतात तो आकडा सीएजीआरचा, म्हणजे वार्षिक चक्रवाढ दराचा. हा दर सहा टक्के असेल तर दहा वर्षांत बाजार १.७९ पट होतो. ऐकायला भरघोस. पण आकडे चालू किमतीतले असतील आणि डॉलरची महागाई वर्षाला तीन टक्के धरली, तर खरी वाढ १.३३ पटींवर येते. आधारवर्ष कोणतं, यावरही बरंच अवलंबून आहे. युक्रेन युद्ध फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालं. त्याआधीचं थंड वर्ष पायाला घेतलं की पुढचा दर आपोआप फुगतो. म्हणून नमुना पानं मागवताना पहिल्यांदा आधारवर्ष आणि ‘चालू किंमत की स्थिर किंमत’ एवढं विचारून घ्यावं. उत्तर चटकन आलं नाही तर पुढे बोलण्यात फारसा अर्थ नाही.

एकूण आकडा पारखायची एक सोपी रीत आहे. स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेच्या हिशेबाने २०२४ मध्ये जगाचा लष्करी खर्च २,७१८ अब्ज डॉलर होता आणि सर्वांत मोठ्या शंभर शस्त्र-कंपन्यांची त्या वर्षीची शस्त्रविक्री ६७९ अब्ज डॉलर. या ६७९ अब्जांत लढाऊ विमानं, पाणबुड्या, रणगाडे, तोफगोळे, देखभालीचे करार सगळं आलं. अहवालातला रॉकेट-क्षेपणास्त्रांचा बाजार याच्या तिसऱ्या हिश्शाएवढा निघत असेल, तर कुठेतरी लाँचर, रडार आणि संशोधनाचा खर्चही आत ओढलेला आहे असं समजा.

वर्गवारीतही गोंधळ असतो. ‘हायपरसोनिक’ या रकान्याची वाढ सगळ्यांत मोठी दाखवतात, कारण तो शब्द खपतो. ध्वनीच्या पाचपट वेग एवढाच निकष लावला तर लांब पल्ल्याचं प्रत्येक बॅलिस्टिक क्षेपणास्त्र त्यात बसतं. अग्नीचं शीर्षही वातावरणात परतताना त्याहून वेगात असतं. उद्योगात हा शब्द दोनच गोष्टींसाठी वापरतात: वातावरणातून वळणं घेत तरंगत जाणारं ग्लाइड वाहन आणि स्क्रॅमजेटवर चालणारं क्रूझ क्षेपणास्त्र. विक्रेत्याला एकच विचारा, रशियाचं किंझाल कुठल्या रकान्यात धरलंय? ते विमानातून सोडलं जाणारं बॅलिस्टिक क्षेपणास्त्र आहे. उत्तर ‘दोन्हीकडे’ असं आलं, तर बेरीज दुहेरी झाली आहे. दिशादर्शन बसवलेल्या रॉकेटांचंही तेच. अमेरिकेचं जीएमएलआरएस आणि आपलं गायडेड पिनाका ‘रॉकेट’मध्ये मोजलेत की ‘क्षेपणास्त्रा’त, हे तळटीपेत लिहिलेलं नसेल तर दोन्ही रकाने संशयास्पद.

वाढ खरी आहे, पण ती अडते कुठे

मागणीबद्दल अहवाल खोटं बोलत नाहीत. जीएमएलआरएस रॉकेटांचं उत्पादन वर्षाला १०,००० वरून १४,००० वर न्यायचं काम लॉकहीडने हाती घेतलं. जॅव्हेलिन रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रांचा दर वर्षाला २,१०० वरून ३,९६० वर नेण्याचं उद्दिष्ट जाहीर झालं. पॅट्रियट या हवाई संरक्षण प्रणालीच्या, येणारं क्षेपणास्त्र हवेतच पाडणाऱ्या पॅक-३ एमएसई इंटरसेप्टरच्या उत्पादनाने २०२४ मध्ये प्रथमच वर्षाला पाचशेचा आकडा ओलांडला. भारतात ६ फेब्रुवारी २०२५ रोजी पिनाकाच्या दारूगोळ्यासह एकूण १०,१४७ कोटी रुपयांचे करार झाले, आणि २०२४-२५ ची संरक्षण निर्यात २३,६२२ कोटींवर गेली.

अहवाल इथे थांबतो आणि रेघ वर ओढतो. कारखान्याच्या दृष्टीने गोष्ट इथून पुढे सुरू होते. पॅक-३ एमएसईचा एक नग साधारण चाळीस लाख डॉलरचा. शंभर नग वाढले की बाजार चाळीस कोटी डॉलरनी वाढतो, पण रॉकेट-मोटरच्या (घन इंधन भरायच्या) नळ्या वाढतात फक्त शंभर. उलट ७० मिलिमीटरच्या हायड्रा रॉकेटावर एपीकेडब्ल्यूएसचा लेझर-मार्गदर्शन संच बसवून ड्रोन पाडण्याची पद्धत आता रुळली आहे. तिथे पैसा कमी आणि नग हजारोंनी. वीस ते पन्नास हजार डॉलरच्या इराणी बनावटीच्या शाहेद ड्रोनवर चाळीस लाखांचं इंटरसेप्टर खर्च करणं कुणालाच परवडत नाही, म्हणून स्वस्त आणि लहान व्यासाच्या रॉकेटांकडे सगळे वळले. भारतातही सोलर समूहाच्या भार्गवास्त्र या ड्रोनविरोधी सूक्ष्म-रॉकेट प्रणालीची चाचणी १३ मे २०२५ रोजी गोपाळपूरला झाली. डॉलरच्या आलेखात हा कल बारीक दिसतो. मशीनच्या तासांत मोजला तर सगळ्यांत मोठा आहे.

दुसरी अडचण पुरवठ्याची. घन इंधनात वजनाने सर्वांत मोठा वाटा अमोनियम परक्लोरेटचा (जळणाला ऑक्सिजन पुरवणाऱ्या क्षाराचा) असतो, साधारण दोन तृतीयांश किंवा थोडा जास्त. अमेरिकेत तो बनवणारी मोठी कंपनी वर्षानुवर्षं एकच राहिली, युटा राज्यातल्या सीडर सिटीची एएमपॅक. यामागे इतिहास आहे. जानेवारी १९८६ मध्ये चॅलेंजर यान फुटलं, शटलची उड्डाणं थांबली, पण परक्लोरेटचं उत्पादन चालूच राहिलं. साठा नेवाडातल्या हेंडरसनच्या पेपकॉन कारखान्यात साचत गेला आणि ४ मे १९८८ रोजी कारखाना उडाला. दोन माणसं गेली. त्यानंतर उत्पादन लोकवस्तीपासून दूर सीडर सिटीला गेलं. पुढे हेंडरसनचाच दुसरा उत्पादक, केर-मॅक्गी, या धंद्यातून बाहेर पडला आणि एकच दुकान उरलं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? अमेरिकी संसदेने कितीही पैसे मंजूर केले तरी मोटरी तेवढ्याच भरल्या जाणार. भारतात इस्रोने याची सोय लवकर केली. केरळमधल्या अलुवा इथे स्वतःचा परक्लोरेट प्रकल्प चालवला जातो.

मोटर बनवणाऱ्यांचीही तीच गत. १९९५ मध्ये अमेरिकेत घन-इंधन मोटरींचे सहा उत्पादक होते, २०१७ पर्यंत दोन राहिले. त्यातला ऑर्बिटल एटीके २०१८ मध्ये नॉर्थरॉपने घेतला. एरोजेट रॉकेटडाइन घ्यायला लॉकहीड निघाली होती. तिथल्या स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये दावा ठोकला आणि पुढच्याच महिन्यात लॉकहीडने माघार घेतली. जुलै २०२३ मध्ये एल-३ हॅरिसने ती ४.७ अब्ज डॉलरला घेतली. आता अँडुरिल, उर्सा मेजर, एक्स-बो ही नवी मंडळी मैदानात आहेत. कंपन्यांच्या ओळखींत ही नावं नसतील किंवा दोन ओळींत उरकलेली असतील तर अहवाल जुना आहे, तारीख काहीही छापलेली असो.

तिसरा अडसर सीकर (लक्ष्य हुडकणारा पुढचा भाग) आणि ॲक्चुएटरचा (पंख हलवणारी यंत्रणा). २०२२ मध्ये खांद्यावरून सोडायच्या स्टिंगर या विमानविरोधी क्षेपणास्त्राची मागणी एकदम आली तेव्हा उत्पादन लगेच वाढेना, कारण सीकरमधले जुने इलेक्ट्रॉनिक भाग बाजारातून नाहीसे झाले होते. त्यांची रचना नव्याने करावी लागली. त्यात चीनने ऑगस्ट २०२३ पासून गॅलियम-जर्मेनियमवर आणि एप्रिल २०२५ पासून समेरियम, डिस्प्रोसियम, टर्बियमसह सात दुर्मिळ मूलद्रव्यांवर निर्यात-परवाने लावले. जर्मेनियम इन्फ्रारेड भिंगात लागतं, गॅलियम रडारच्या चिपमध्ये. समेरियम-कोबाल्टचे चुंबक पंख हलवणाऱ्या छोट्या विजेच्या मोटरींत असतात, कारण तापल्यावरही त्यांची ताकद टिकते. बहुतेक अहवालांत हे सगळं ‘पुरवठा साखळीतील आव्हाने’ या एका परिच्छेदात मावलेलं असतं.

फसतं कुठे, हेही पाहा

तंत्रज्ञानाच्या प्रकरणात स्क्रॅमजेट, कृत्रिम बुद्धिमत्ता, त्रिमितीय छपाई असं चकचकीत सामान मांडलेलं असतं. भारतापुरतं ते बऱ्यापैकी अचूक असतं: ७ सप्टेंबर २०२० ची एचएसटीडीव्ही या स्क्रॅमजेटवरच्या प्रायोगिक यानाची चाचणी, १६ नोव्हेंबर २०२४ ची लांब पल्ल्याच्या हायपरसोनिक क्षेपणास्त्राची चाचणी, आणि २५ एप्रिल २०२५ रोजी हैदराबादला हजार सेकंदांहून अधिक चाललेली स्क्रॅमजेट दहनकक्षाची जमिनीवरची चाचणी. दहनकक्षाच्या भिंतींतून इंधन फिरवून त्या थंड ठेवायच्या आणि तेच तापलेलं इंधन आत जाळायचं, हा त्यातला कठीण भाग. तो अहवालात सहसा नीट समजावलेला नसतो, पण निदान तारखा बरोबर असतात.

मात्र गेल्या काही वर्षांत रॉकेटं जिथे फसली ती ठिकाणं वेगळीच आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये युरोपचं वेगा-सी रॉकेट दुसऱ्या टप्प्यात फसलं. कारण निघालं नोझलच्या गळ्यातली कार्बन-कार्बनची कडी. ती अपेक्षेपेक्षा झपाट्याने झिजली आणि दाब कोसळला. चौकशीत आणखी एक गोष्ट पुढे आली: कडी स्वीकारताना जे निकष लावले होते, ते ती उड्डाणाला योग्य आहे हे सिद्ध करायला पुरेसेच नव्हते. म्हणजे नग तपासणीत पास झाला होता. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी अमेरिकेच्या व्हल्कन रॉकेटाच्या बूस्टरचं नोझल हवेत गळून पडलं (रॉकेट तरीही कक्षेत पोचलं). मूळ दोष नोझलच्या आतल्या उष्णतारोधक भागाच्या निर्मितीत होता. जपानच्या एप्सिलॉन-एसची दुसऱ्या टप्प्याची मोटर जुलै २०२३ मध्ये चाचणीत फुटली, कारण प्रज्वलकाचा धातूचा भाग वितळून उष्णतारोधकाला इजा झाली होती. तो सुधारल्यावर नोव्हेंबर २०२४ मध्ये ती पुन्हा फुटली. आपल्या पीएसएलव्ही-सी६१ ची मोहीम १८ मे २०२५ रोजी तिसऱ्या टप्प्यात दहनकक्षाचा दाब पडल्याने गेली आणि जानेवारी २०२६ मध्ये सी६२ लाही तिसऱ्याच टप्प्यात अडचण आली.

नोझलचा गळा, उष्णतारोधक थर, प्रज्वलक, जोडणीच्या कड्या. पैसा आणि धोका इथे एकवटलेला आहे. काम शिकायला वर्षं लागतात, म्हणून स्पर्धाही कमी. ‘बाजार घटकांनुसार’ असं प्रकरण असेल तर त्यात मोटरचे हे उपभाग वेगळे काढलेत का, हे अनुक्रमणिकेत बघा. ‘प्रणोदन प्रणाली’ असा एकच रकाना असेल तर त्या पानाचा कारखान्याला उपयोग शून्य.

पुण्याची बाजू

जागतिक अहवालात पुणे फारसं येत नाही, आलं तर एखाद्या कंपनीच्या पत्त्यात. प्रत्यक्षात पाषाणला डीआरडीओची शस्त्रास्त्र प्रयोगशाळा एआरडीई आहे, पिनाकाचं माहेर. तिथून जवळच सुतारवाडीला एचईएमआरएल, म्हणजे इंधन आणि स्फोटकांची प्रयोगशाळा. दिघीला लाँचर आणि पूल बनवणारी आर अँड डीई, खडकीला दारूगोळा कारखाना आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया या सरकारी दारूगोळा कंपनीचं मुख्यालय, तळेगावला एल अँड टीचा संरक्षण कारखाना. इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर पीएसएलव्हीच्या मोटरींची कवचं करतं. २९ डिसेंबर २०२५ रोजी चांदीपूरला १२० किलोमीटर पल्ल्याच्या पिनाका रॉकेटाची पहिली चाचणी झाली, त्याची रचनाही एआरडीईची.

आता फुकटच्या माहितीतून काय काढता येतं ते पाहू. ३१ ऑगस्ट २०२० च्या सरकारी प्रसिद्धीपत्रकात लिहिलं होतं: सहा पिनाका रेजिमेंटसाठी ११४ लाँचर, ४५ कमांड पोस्ट, ३३० वाहनं, किंमत सुमारे २,५८० कोटी. एका लाँचरवर बारा नळ्या. म्हणजे ११४ गुणिले १२, १,३६८ नळ्या. सगळ्या लाँचरनी एकदा मारा केला की १,३६८ रॉकेटं संपतात, आणि एक लाँचर आपली बारा रॉकेटं ४४ सेकंदांत सोडतो. साठा किती फेऱ्यांचा ठेवायचा हे लष्कर ठरवतं, पण प्रत्येक फेरीला २१४ मिलिमीटर व्यासाची एवढी कवचं, एवढी नोझलं आणि प्रत्येकामागे पंखांचा एक संच लागणार, हे गणित कुठल्याही सीएजीआरपेक्षा कारखान्याला जवळचं आहे.

लहान-मध्यम व्यासाची मोटर-कवचं बहुधा फ्लो-फॉर्मिंगने करतात: जाड नळी मँड्रेलवर चढवायची आणि रोलरच्या दाबाखाली भिंत पातळ करत लांबवायची. उभा वेल्ड राहत नाही, हा मोठा फायदा. मोठी कवचं पत्रा वळवून, वेल्ड करून, टोकांना घडीव कड्या लावून होतात. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याचा व्यास २.८ मीटर, कवच एम-२५० मॅरेजिंग पोलादाचं. या पोलादात सुमारे १८ टक्के निकेल असतं. यंत्रण मऊ अवस्थेत करायचं आणि मग ४८० अंश सेल्सिअसच्या आसपास एजिंग (कडक करण्यासाठी तापवून ठेवणं) द्यायचं. एजिंगमध्ये ते किंचित आकसतं. ही आकस हिशेबात न धरता सील बसायच्या खाचा अंतिम मापाला उतरवल्या की अख्खा नग हातचा जातो. वेल्डमध्ये टंगस्टनचा कण किंवा अपुरं मिलन राहिलं तर क्ष-किरण चित्रात दिसतं. नळीचा गोलपणा आणि सरळपणा बिघडलेला असेल तर तो जुळणीच्या वेळी कळतो, तोवर उशीर झालेला असतो.

पण नवख्या कारखान्यांचे नग मापापेक्षा कागदावर जास्त नापास होतात. सळई बँडसॉवर कापताना हीट नंबर (धातू कुठल्या भट्टीतला हे सांगणारा क्रमांक) एका टोकाला राहतो आणि उरलेला तुकडा रॅकवर अनाम होतो. पुढे त्यातून काढलेला भाग मापात अगदी चोख असला तरी स्वीकारला जात नाही, कारण धातू कुठल्या भट्टीतला हे सिद्ध करता येत नाही. इलाज साधा आहे: कापण्याआधी दोन्ही बाजूंना नंबर ठोका, जॉबकार्डावर उतरवा, मगच करवत लावा. पहिल्या नगासाठी एएस-९१०२ या पहिल्या-नग तपासणीच्या मानकाच्या नमुन्यातले तीन तक्ते भरावे लागतात: भागाची ओळख, साहित्य व प्रक्रिया, आणि ड्रॉइंगवरच्या प्रत्येक मापाची नोंद. ड्रॉइंगवर १४० मापं असतील तर १४० ओळी. यासाठी एक माणूस वेगळा ठेवावा लागतो, आणि दर लावताना तो पगार धरायचा असतो. अहवालातल्या ‘प्रवेशातील अडथळे’ या तक्त्यात ‘मध्यम ते उच्च’ एवढंच लिहिलेलं असतं.

निर्यातीचं स्वप्न असेल तर आणखी एक गोष्ट. भारत जून २०१६ मध्ये एमटीसीआर या क्षेपणास्त्र-तंत्रज्ञानाच्या निर्यातीवर नियंत्रण ठेवणाऱ्या देशांच्या गटाचा सदस्य झाला. त्याच्या नियंत्रण यादीत मॅरेजिंग पोलाद आहे आणि फ्लो-फॉर्मिंगचं मशीनही. त्यामुळे मशीन आयात करताना विकणारा देश अंतिम वापराचं प्रमाणपत्र मागतो आणि काही महिने जातात; ते वेळापत्रकात धरा. आपल्या बाजूला स्कोमेट यादी आहे, म्हणजे परवान्याशिवाय निर्यात करता न येणाऱ्या वस्तूंची यादी. श्रेणी ५ मध्ये रॉकेट आणि अवकाश प्रणाली, श्रेणी ६ मध्ये युद्धसामग्री. पाचव्याचा परवाना परकीय व्यापार महासंचालनालय देतं, सहाव्याचा बहुतांशी संरक्षण उत्पादन विभाग. यादीतल्या वस्तूचं ड्रॉइंग परदेशी ग्राहकाला ईमेलने पाठवणं हीसुद्धा तंत्रज्ञानाची निर्यात धरली जाते. कोटेशन देण्याच्या घाईत हे विसरलं जातं.

अवकाश-रॉकेटांचं प्रकरण

हे बहुतेक अहवालांत शेवटी जोडलेलं शेपूट असतं. त्यातली एकच गोष्ट जपून वाचावी. ‘उड्डाणं वाढली’ म्हणजे ‘रॉकेटं वाढली’ असं नाही. स्पेसएक्सच्या फाल्कन रॉकेटांची २०२४ मध्ये १३४ उड्डाणं झाली, पण पहिले टप्पे परत येऊन पुन्हा उडतात. दर वेळी नवा लागतो तो वरचा टप्पा. मिथेनवर चालणारी इंजिनं आता प्रत्यक्षात आली आहेत, चीनच्या झुचे-२ ने १२ जुलै २०२३ रोजी कक्षा गाठून सुरुवात केली. भारतात एचएएल आणि एल अँड टीला पाच पीएसएलव्हीचं ८६० कोटींचं काम २०२२ मध्ये मिळालं, एसएसएलव्हीचं तंत्रज्ञान एचएएलने २०२५ मध्ये ५११ कोटींची बोली लावून मिळवलं. चेन्नईच्या अग्निकुलने ३० मे २०२४ रोजी एका तुकड्यात छापलेल्या इंजिनावर चाचणी-उड्डाण केलं. छपाईमुळे वेल्डिंगचं काम घटतं, फ्लँज, आटे आणि सीलच्या जागा मात्र यंत्रावरच उतरवाव्या लागतात. भोसरीच्या पाच-अक्षी मशीनवाल्यांनी तिकडे लक्ष ठेवावं.

न घेता काय वाचावं

अमेरिकी लष्कर दरवर्षी अर्थसंकल्पासोबत क्षेपणास्त्र-खरेदीचं पुस्तक प्रसिद्ध करतं, अगदी फुकट. त्यातल्या पी-४० तक्त्यात कोणतं क्षेपणास्त्र किती नग आणि किती खर्चाचं ते वर्षवार असतं. पी-५ मध्ये खर्चाची फोड. सगळ्यांत मोलाचा पी-२१. त्यात प्रत्येक कारखान्याचे उत्पादनाचे तीन दर दिलेले असतात: उत्पादनाची लाइन जिवंत ठेवण्यापुरता किमान, एक पाळी-आठ तास-पाच दिवस या हिशेबाने होणारा, आणि कमाल, शिवाय ऑर्डरनंतर पहिला नग यायला किती महिने लागतात तेही. दुसऱ्या आणि तिसऱ्या दरात फरक थोडा असेल तर त्या लाइनवर उपकंत्राटाला जागा निघण्याची शक्यता जास्त. हा एक तक्ता वाचायला शिकलं की अहवालातली निम्मी पानं फिकी वाटतात.

देशी बाजूला ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झालेलं सृजन पोर्टल आहे. आयात होणारे सुटे भाग आणि ते देशात करून हवे असलेले सरकारी कारखाने तिथे यादीसह सापडतात. सिप्रीचा शस्त्र-हस्तांतरणाचा डेटाबेस, लोकसभेतली लेखी उत्तरं आणि शेअर बाजारात नोंदलेल्या भारत डायनॅमिक्स, सोलर, वालचंदनगर यांचे वार्षिक अहवाल. एवढं वाचायला एका इंजिनिअरला पंधरवडा पुरतो.

तरीही घ्यायचाच असेल तर छापील किमतीला घेऊ नका. तिमाही संपताना दर हमखास खाली येतात, आणि दहा-वीस टक्के मजकूर ग्राहकाच्या मागणीप्रमाणे बदलून देण्याची तयारी बहुतेक विक्रेते दाखवतात. त्या सवलतीत भारताचं प्रकरण ‘सविस्तर’ करून मागू नका, त्यात दोन आलेख वाढतात इतकंच. व्यासानुसार नगसंख्येचा तक्ता मागा: ७०, १२२, २१४ आणि २२७ मिलिमीटर, देशवार, पाच वर्षांचा. पीडीएफवर छपाईबंदी आणि एकाच संगणकाचं कुलूप असतं, तेही करारावर सही करण्याआधी काढून घ्या. भागीदाराला आणि सीएला प्रत दाखवायची तर वेगळा परवाना घ्यायला लावतात. एक्सेलमध्ये सूत्रं जिवंत आहेत की नुसते चिकटवलेले आकडे, हे नमुना फाइलमधल्या एका बेरजेच्या चौकटीवर क्लिक करून पाहता येतं. आकडे चिकटवलेले असतील तर सूत्रांसहित फाइल देण्याची अट ऑर्डरमध्येच लिहून घ्या.